त्याच नावाचा दुसरा

त्या घरात सकाळी आठनंतर कुकर लावायचा नाही, असा नियम होता. शिट्टीने साहेबांचं लक्ष उडतं, म्हणून आई जे काही शिजवायचं ते साध्या भांड्यात, वर झाकण ठेवून, तासन्‌तास शिजवत बसे. शेजारची बाई गप्पा मारायला आली तर ती दारातच बोटाने खूण करी. मग दोघी बायका जिन्यात उभ्या राहून कुजबुजत. घरात कुणाला शिंक आली तर तो नाक दाबून बाहेर पळे.

साहेब म्हणजे त्या घरातला मुलगा. अजून तो कुठल्याही खुर्चीवर बसलेला नव्हता. कॉलेज संपलं आणि त्याने प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा अर्ज भरला, त्या दिवशी वडिलांनी चार शेजाऱ्यांदेखत त्याला हाक मारली, "आमचे साहेब, चहा घेणार ना?" सगळे हसले, तोही हसला. पण ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पहिली काही वर्षं त्यात कौतुक होतं. पुढे त्याचे केस विरळ झाले, बरोबरीच्या मित्रांची मुलं शाळेत जाऊ लागली, तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार "काय साहेब, यंदा?" एवढंच विचारी आणि उत्तराची वाट न पाहता सुट्टे पैसे पुढे करी.

दोन खोल्यांच्या त्या घरात कपाट आडवं लावून त्याच्यासाठी एक कोपरा केला होता. टेबलासमोरच्या भिंतीवर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दरवर्षी परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे फोटो वर्तमानपत्रातून कापून डकवले होते. "रोज बघत जा. म्हणजे आत उतरतं," असं ते म्हणत. पहिल्या वर्षी फोटोतले सगळे चेहरे त्याला मोठ्या भावांसारखे वाटले होते. मग ते बरोबरीचे दिसू लागले. आता खालच्या रांगेतली मुलं-मुली त्याच्याहून कितीतरी लहान होती आणि वाचताना मान वर केली की ती सगळी त्याच्याकडे बघून हसत.

अण्णा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. सारी नोकरी त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याच्या दाराबाहेर स्टुलावर बसून काढली. घंटी वाजली की उठायचं, फाइल आत न्यायची, पाणी ठेवायचं, पाठ न दाखवता बाहेर यायचं. निवृत्त झाल्यावरही दाराची बेल वाजली की ते दचकून उभे राहत. आपला मुलगा त्या दाराच्या आतल्या बाजूला बसलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. वाईट एवढंच, की या एका इच्छेपुढे घरातल्या बाकी तिघांच्या इच्छा कधी कुणी विचारल्याच नाहीत.

त्यातली पहिली ताई. साहेबापेक्षा मोठी, इस्पितळात एक्स-रे काढायची. तिच्या पगारावर घर चालायचं, म्हणून तिच्या लग्नाचा विषय 'याचं एकदा होऊ दे' या वाक्यावर येऊन थांबायचा. तिला पुढचं शिकायचं होतं, मोठ्या यंत्रांवर काम करायचं होतं. तेही त्याच वाक्यापाशी अडलं होतं.

यंदाची परीक्षा साहेबाची शेवटची. वयोमर्यादा संपत आली होती. पण यंदा तो प्रथमच मुलाखतीपर्यंत पोचला होता, आणि घराने श्वास रोखून धरला होता.

निकाल लागला तेव्हा तो आंघोळीला गेला होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून फोन हातात धरून, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, जिन्यावरून ओरडत आले, "अहो अण्णा! सातवा! तुमचा मुलगा सातवा आला! हे बघा नाव, वडिलांचं नाव, आडनाव!" साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आला तोवर घर माणसांनी भरलं होतं. कुणी त्याला ओल्या अंगानेच मिठी मारली. आईने कधी नव्हे तो कुकर लावला होता आणि तो शिट्टीवर शिट्टी मारत होता. कुणाला ऐकूही येत नव्हता.

त्याने फोन हातात घेतला. नाव त्याचंच होतं. शेजारचा बैठक क्रमांक त्याचा नव्हता. त्याने यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. त्याचा क्रमांक कुठेच नव्हता.

अण्णांचा हात धरून त्याने त्यांना कपाटामागे नेलं. "अण्णा, हा मी नाही. त्याच नावाचा दुसरा कुणीतरी आहे. नंबर बघा."

अण्णांनी नंबर पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. बाहेर कारकून कुणाला तरी सांगत होते, "लहानपणापासून हुशार! मी म्हटलंच होतं." अण्णा हळूच म्हणाले, "छपाईची चूक असेल."

"नाही अण्णा."

"बरं, नसेल. पण आत्ता नको. एवढी माणसं आलीत. संध्याकाळी सांगू."

संध्याकाळी अण्णांचे जुने साहेब आले. ज्यांच्या दाराबाहेर अण्णा बसत, तेच. हातात फुलांचा गुच्छ. घरात एकच चांगली खुर्ची होती. अण्णा सवयीने ती पुसून बाजूला उभे राहिले. तर जुने साहेब म्हणाले, "छे छे, तुम्ही बसा. आज मी उभा राहणार. अधिकाऱ्याचे वडील आहात तुम्ही." आणि त्यांनी अण्णांना खांदे धरून खुर्चीत बसवलं. अण्णा बसले. आई पदराने डोळे पुसत होती. कपाटाला टेकून उभ्या असलेल्या मुलाने हे सगळं पाहिलं आणि संध्याकाळी सांगायचं ते राहूनच गेलं.

रात्रीच्या जेवणाआधी आईला आणि ताईला कळलं. आई म्हणाली, "उद्या सांगू. आजचा दिवस जाऊ दे." ताई काहीच बोलली नाही. मग त्या घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली.

कबूल करायला हवं, पहिले दोन-तीन दिवस त्यालाही बरं वाटलं. दुकानदार उठून उभा राहिला. रस्त्यात अनोळखी माणसांनी हात मिळवले. अण्णा त्याच्याशी हसून बोलले, त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. आई इतक्या वर्षांनी सकाळी उशिरापर्यंत झोपली. आपण कधी पास झालो असतो तर असं झालं असतं, हे तो दुसऱ्याच कुणाच्या जागी उभा राहून पाहत होता. खरा सातवा कुठल्यातरी दूरच्या गावात आपल्या घरी आनंदात असेल. त्याला या घराचा पत्ताही नव्हता.

चौथ्या दिवशी चौकात साहेबाचा फोटो लागला. तो ज्या क्लासला वर्षानुवर्षं जात होता, त्या क्लासच्या सरांनी दोन मजले उंच फलक उभारला. 'आमचा विद्यार्थी, सातवा!' आठवड्याने सत्कार समारंभ ठरला. आणि त्याच सुमारास एक कंत्राटदार मोटारीतून आले. त्यांची मुलगी जनावरांची डॉक्टर. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलंही नाही. अण्णांना म्हणाले, "आमच्या कामात एक माणूस सरकारात हवाच. फ्लॅट मी देतो, गाडी मी देतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

अण्णांनी हो म्हटलं.

"अण्णा, हे काय करून बसलात?" ते गेल्यावर साहेब म्हणाला. "ट्रेनिंगला जायची वेळ येईल तेव्हा काय सांगणार?"

अण्णांनी सगळा विचार करून ठेवला होता. "निकाल कोर्टात अडकला म्हणून सांगू. वर्षानुवर्षं अडकतात, मी फाइली वाहिल्यात त्यांच्या. तोवर लग्न होईल, सासरा कुठेतरी चिकटवून देईल. लोक विसरतात."

"आणि त्या मुलीचं काय?"

"तिला घर मिळतंय, नवरा मिळतोय. तिचं काय वाईट होणार आहे?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी आयुष्यभर दाराबाहेर बसलो रे. चार दिवस आत बसलोय. मला उठवू नकोस."

अण्णांनी हात जोडले. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर तो भांडला असता. पण बापाने हात जोडल्यावर मुलाची जीभ उचलत नाही. अशी बेडी दिसत नाही आणि तिला किल्लीही नसते.

तो क्लासच्या सरांकडे गेला. त्याला वाटलं, निदान हे तरी फलक उतरवतील. सरांचं ऑफिस थंडगार होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरवेट फिरवत राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"फलक छापायला देण्याआधीपासून. अरे, हा आमचा धंदा आहे, नंबर आम्ही तपासणार नाही?" ते अगदी मायेने बोलत होते. "त्या दुसऱ्या मुलाने कुठला क्लासच लावला नव्हता. म्हणजे त्याचा कुणाला उपयोग नाही. तुझा आहे. नव्या बॅचचे प्रवेश चालू आहेत. ते होऊ देत. मग फलक आपोआप उतरतो, पुढच्या वर्षी नवा चेहरा लागतो. इथेच शिकवायला ये. इतकी वर्षं फुकट गेली असं वाटणार नाही."

"आणि जे माझा फोटो बघून प्रवेश घेतील ते?"

"ते तुझा फोटो बघून येत नाहीत. त्यांच्या बापांना स्वतःच्या पोराचा फोटो दिसतो तिथे. मी फक्त चौकट पुरवतो."

तिथून तो थेट इस्पितळात गेला. ताई एक्स-रेच्या खोलीत एका म्हातारीचा खांदा नीट टेकवत होती. अंगावर जड एप्रन. "श्वास आत घ्या, धरून ठेवा... सोडा," ती म्हणाली. म्हातारी गेल्यावर तिने भावाकडे पाहिलं.

"ताई, तू पहिल्या दिवसापासून गप्प का?"

तिने एप्रन काढून खुंटीला लावला. "खरं सांगू? मला वाटलं, आता तरी मी सुटेन. खोटं का होईना, याचं एकदा झालं. तुझ्या वाईटावर माझं बरं होईल असा हिशेब केला मी. लाज वाटते, पण केला."

तो म्हातारीच्या रिकाम्या स्टुलावर बसला.

"इथे माणसं मी सांगितलं की श्वास धरतात," ताई म्हणाली, "आणि मी सोडा म्हटलं की सोडतात. मी विसरले तर? गुदमरतील ना? तुला धरून ठेव म्हणणारे घरभर होतो आम्ही. सोड म्हणायचं आम्ही सगळेच विसरलो." ती जवळ आली. "आता म्हणते. सोड. माझं जे व्हायचं ते होईल."

सत्काराच्या आदल्या दिवशी कंत्राटदारांनी निरोप पाठवला, मुलीला एकदा भेटून घ्या, रीत म्हणून. तो तिच्या दवाखान्यात गेला. ती एका मोठ्या कुत्र्याच्या फाटलेल्या कानाला टाके घालत होती. मदतनीस आला नव्हता.

"घाबरता का कुत्र्यांना?"

"नाही."

"मग धरा. डोकं असं, घट्ट. चावला तर माझं नाव सांगू नका."

त्याने डोकं धरलं. कुत्र्याच्या गरम श्वासाने त्याचं मनगट ओलं झालं. आणि तसाच वाकून, तिच्याकडे न बघता, त्याने सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "आधी हा टाका पुरा होऊ दे."

टाके झाले, कुत्र्याचा मालक त्याला घेऊन गेला. तिने हात धुतले, बराच वेळ धुतले.

"किती जणांना माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना. क्लासच्या सरांना."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना. छान." तिचा आवाज तापला होता. "तुम्ही गरीब बिचारे वगैरे नाही आहात, कळलं? इतके दिवस तुम्ही माझ्या आयुष्याशी खेळत होतात."

"हो."

"उद्या लग्न झाल्यावर सांगितलं असतंत तर?"

"माहीत नाही. कदाचित सांगितलंही नसतं."

ती स्टुलावर बसली. "माझ्या वडिलांनी मला सांगितलं, अधिकारी आहे, आणखी काय बघायचं? मी तुमचं नावही धड ऐकलं नव्हतं. म्हणजे मीही खुर्चीलाच हो म्हटलं. तेही म्हटलं नाही, नुसती गप्प बसले." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मी आजच घरी सांगणार आहे, मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही नापास आहात म्हणून नाही. तुम्ही पास असतात तरी करायचं नव्हतं. तुमचं खोटं मी माझ्या नकाराला टेकू म्हणून वापरणार नाही. ते तुमचं तुम्ही निस्तरा. पण लवकर निस्तरा. नाहीतर मला तोंड आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. दारात एका माणसाने साहेबाचा हात धरला. अंगाला पावडरचा आणि साबणाचा वास. तो न्हावी होता. शेजारी त्याची मुलगी उभी होती, मान खाली घालून. "साहेब, हिला दोन शब्द सांगा. दोनदा पडली, आता नको म्हणते. मी गावचं दुकान बंद करून इथे आलोय हिच्यासाठी. तुमचा फोटो दाखवला हिला. म्हटलं, हे बघ, इतक्या वर्षांनी झालेच ना?"

मुलीने वर पाहिलं. भिंतीकडे तोंड करून वर्षं काढलेल्या माणसाला ते डोळे ओळखायला वेळ लागला नाही.

पहिल्या रांगेत अण्णा नवा कोट घालून बसले होते. त्यांच्या शेजारची कंत्राटदारांची खुर्ची रिकामी होती आणि अण्णा सारखे दाराकडे बघत होते. आई आणि ताई मागे. सरांनी भाषण केलं, चिकाटीवर, जिद्दीवर. मग साहेबाला माइक दिला.

"मी पास झालेलो नाही," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याला काही कळेना. सर दुसऱ्या माइकवरून म्हणाले, "पाहिलंत? ही नम्रता! मोठी माणसं अशीच बोलतात."

"नम्रता नाही. मी खरंच नापास आहे. सातवा आला तो दुसरा माणूस आहे. नाव फक्त एक आहे."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे जुना मी आणि नवा मी!" पुन्हा टाळ्या. एकजण हे वाक्य वहीत लिहून घेत होता. माणूस पडल्याचं सांगतोय आणि लोक त्याला उचलून धरताहेत, असं ते दृश्य होतं. त्याने घसा फोडून सांगितलं असतं, तरी त्या सभागृहाने त्याची सूक्तीच केली असती. यशस्वी माणसाचं सगळंच खरं मानायचं ठरवलेल्या लोकांना, तो यशस्वी नाही एवढंच ऐकू येत नव्हतं.

तेव्हा मागच्या रांगेतून ताई उठली. तिला माइकची गरज पडली नाही. दिवसभर भिंतीपलीकडच्या माणसांना सूचना द्यायची सवय होती तिला.

"टाळ्या बंद करा! मी त्याची सख्खी बहीण आहे. तो नापास झालाय. आम्हाला घरात पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि स्टेजवर बसलेल्या या सरांनाही माहीत आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला फसवलंय."

आता टाळ्या थांबल्या. सर हसून म्हणाले, "ताणामुळे घरच्या मंडळींना कधी कधी..."

"सर," न्हावी उभा राहिला. "तुम्हाला माहीत होतं का?"

"हा विषय आपण नंतर घेऊ."

"नंतर म्हणजे कधी? प्रवेश झाल्यावर?"

कुणी हसलं, कुणी ओरडलं, खुर्च्या सरकल्या. सरांनी गाणं लावायला सांगितलं. त्या गोंधळात साहेब माइकशिवाय, समोरच्या दोन-तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलत राहिला. "तुमच्या मुलांना विचारा, तुला हे हवंय का? नाही म्हणाली तर ऐका. मला कुणी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. आमच्या घरात चौघंजण एका खुर्चीखाली दबून जगलो. ती खुर्ची आमची नव्हतीच." न्हाव्याची मुलगी त्याच्याकडे एकटक बघत होती. ती रडत होती, आणि बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

बाहेर पायऱ्यांवर अण्णा भेटले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू मला पुन्हा स्टुलावर बसवलंस." आणि एकटेच चालत निघाले. तो मागे गेला, तर त्यांनी हाताने थांबवलं.

पुढचं सगळं चांगलं झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. फलक दोन दिवसांत उतरला हे खरं, पण त्या जागी आठवड्याभरात दुसरा चेहरा लागला. क्लासचे प्रवेश जरा कमी झाले, बंद पडले नाहीत. शेजारी म्हणाले, पोरगा डोक्यावर परिणाम होऊन असं बोलला. कुणी म्हणालं, बहिणीच्या पोटात दुखलं. कारकून जिन्यात भेटले की वर बघून जात. अण्णा कित्येक दिवस घराबाहेर पडले नाहीत, मुलाशी बोलले नाहीत. त्याला औषधांच्या एका गोदामात माल तपासायचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून तोंड बाहेर न काढता विचारलं, "पगार वेळेवर देतात का?" तो म्हणाला, "देतात." त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

ताईने मोठ्या यंत्रांच्या शिक्षणाचा अर्ज भरला. दुसऱ्या शहरात जायचं होतं. ती निघाली तेव्हा आई तिचं सामान बांधता बांधता थांबली आणि म्हणाली, "तुला काय व्हायचंय, हे मी कधी विचारलंच नाही गं तुला." ताई म्हणाली, "अजून वेळ आहे. विचार की." मग दोघी हसल्या आणि दोघीही रडल्या.

आणि तो? रविवारी दुपारी तो सार्वजनिक वाचनालयाच्या आवारातल्या बाकावर बसू लागला. ही कल्पना न्हाव्याची. त्याने मुलीला घेऊन गावी परत जाऊन दुकान उघडलं होतं, पण जाण्याआधी इथल्या सलूनमधलं गिऱ्हाईक असो नसो, भेटेल त्याला सांगितलं होतं, परीक्षा देणं थांबवायचं असेल तर तिथे एक माणूस बसतो, त्याच्याशी बोला. पहिले काही रविवार कुणी आलं नाही. परीक्षा कशी द्यावी हे सांगणारे गल्लोगल्ली होते. ती सोडावी कशी, हे ऐकायला येण्याचीही लोकांना लाज वाटत होती. तरी तो बसत राहिला. मग एक मुलगा आला, पुढच्या रविवारी दोघं. कुणी पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवून उठलं, कुणी बसायचं नाही असं ठरवून. त्याने कुणालाही दोन्हीतलं काही सांगितलं नाही. तो फक्त विचारायचा.

वाचकहो, परीक्षेत काही वाईट नाही. तीत पहिल्या येणाऱ्यांचं कौतुकही जरूर करावं. पण यादीत नाव नसलेली हजारो मुलं कुठे जातात, हे आपण कधी विचारलंय का? ती कुठेही जात नाहीत. ती घरातच असतात, कपाटामागे. आणि आपण बाहेर पाय न वाजवता चालत असतो.

एका रविवारी एक बाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या असाव्यात, ब्लाउजला सुई टोचलेली होती. बसल्या नाहीत.

"माझा मुलगा निकालापासून खोलीतून बाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवते, अर्धं खातो. त्याला थांब म्हणायचं कसं? परीक्षेला बस म्हणून मीच बसवला होता."

तो उठला. "चला."

घर जवळच होतं. शिवणयंत्राच्या पलीकडे एक बंद दार. आईने हाक मारली, उत्तर आलं नाही. ती बाजूला झाली. त्याने दारावर हलकेच टकटक केलं.

"कोण?" आतून आवाज आला, बरेच दिवस न वापरलेला.

"मी नापास झालेला आहे. आत येऊ का?"

आत पावलं वाजली. मग आतून, अगदी दाराजवळून, "कितव्यांदा?"

"सगळ्या वेळा," तो म्हणाला.

आत कुणीतरी हसल्यासारखा आवाज झाला, किंवा हुंदका असेल. मग कडी निघाली.